विशेष संदर्भ : सोलापूर जिल्हा

मानवी ज्ञानाच्या सीमा कोठवर पोहोचल्या आहेत, असा प्रश्न आमच्या गावी कोणी केलाच, तर एकीकडे करमाळा आणि दुसरीकडे अक्कलकोट, असे निःशंकपणे सांगता येते. कारण शिवाजी विद्यापीठाच्या अंमलातून निघून १ ऑगस्ट २००४ रोजी जे विद्यापीठ केगावास स्थापन झाले, व ज्यास २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव लाभले, त्याची हद्द एका जिल्ह्यापुरतीच आहे. सबब विषय पतसंस्थांचा असो वा लोकगीतांचा, शीर्षकाच्या शेपटास 'विशेष संदर्भ : सोलापूर जिल्हा' एवढे जोडले, की विद्यावाचस्पती पदवीचा निम्मा मार्ग सरला, असे जाणकार मानतात.

उरलेला निम्मा मार्ग, कोठल्याही विद्यापीठात, बारनिशीतून जातो. प्रवेशपरीक्षा, मुलाखत, अभ्यासक्रम, आराखडा, दर सहामाहीस सल्लागार समितीपुढे हजेरी, आणि हे सारे तीन वर्षांच्या आत नव्हे व सहा वर्षांच्या बाहेर नव्हे, असा अनुदान आयोगाचा २०२२ चा दंडक आहे. प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायकास चार, याहून अधिक शिष्य एका वेळी पत्करता येत नाहीत. एकशे पाच राजपुत्र एकदम पदरी घेणारे द्रोणाचार्य या कलमाखाली तत्काळ अपात्र ठरले असते. एकलव्याचे तर नोंदणीशुल्कच भरलेले नव्हते.

समिती मजकुरास सहसा हात लावीत नाही. तिचा सारा व्यासंग शीर्षकावर खर्ची पडतो. उमेदवाराने यंत्रमाग कामगारांचा नुसता 'अभ्यास' योजिला, तर पहिल्या बैठकीत तो 'चिकित्सक' होतो, दुसरीत 'तौलनिक', आणि तिसरी भरेपावेतो ते यंत्रमागच भंगारात निघाल्यामुळे 'ऐतिहासिक' हे विशेषण विनासायास प्राप्त होते. 'प्रगती समाधानकारक' हा शेरा मात्र आरंभापासून अखेरपर्यंत अढळ राहतो.

सरतेशेवटी मौखिक परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक प्रबंधाची पाने अंगठ्याने फर्रकन उलटवितात, संदर्भसूचीत आपले नाव आहेसे पाहून समाधान पावतात, आणि "या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?" असे विचारतात. उमेदवार घाम पुशीत तिसऱ्या प्रकरणाचा हवाला देतो, मार्गदर्शक मान डोलावितात, चहा येतो. मग परीक्षक घड्याळ पाहून पृच्छा करतात, की गाडीला अवकाश आहे, तेव्हा शेंगाचटणी चांगली कोठे मिळेल. आणि उमेदवार प्रथमच, कोणत्याही तळटीपेच्या आधाराविना, दुकान, गल्ली व भाव यांसह सविस्तर उत्तर देतो.