बांधावरचं भांडण

लेकीकडे सहा महिने राहून परत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून माईंची हाक आली. मांडीवर मेथीची जुडी, चष्मा नाकावर. "काय गं, अमेरिका बघून आलीस आणि गप्प कशी?"

"न्यूयॉर्क-बियॉर्क काही बघितलं नाही हो माई. लेक राहते कॅन्सस सिटीत. तिथे एक रस्ता आहे, स्टेट लाइन रोड. अलीकडे कॅन्सस राज्य, पलीकडे मिसूरी. घर अलीकडे आणि दूध-भाजी पलीकडून."

"मग कर कुठे भरायचा?"

माईंना पहिला प्रश्न कराचाच पडणार.

"ते जावई बघतो. पण एक गंमत सांगते. या दोन राज्यांच्या विद्यापीठांची मॅच असली की घरोघरी टीव्हीपुढे नुसता गोंधळ. म्हणतात तिला बॉर्डर वॉर. मला वाटलं, खेळातली फुशारकी. तर जावई म्हणाला, 'आई, इथे खरंच युद्ध झालं होतं, गुलामीवरून.'"

"कुणाची जमीन कुणी ढापली?" माईंच्या माहेरी बांधावरून अजून केस चालू आहे, त्यामुळे कुठल्याही युद्धात त्या आधी बांध शोधतात. आणि या वेळी तो होताही.

"१८२० पासूनचा बांध, माई. मिसूरीला गुलाम ठेवणारं राज्य म्हणून घ्यायचं ठरलं, तर तोल राखायला मेन राज्याला गुलामीविना घेतलं. थोरल्याला हंडा दिला की धाकट्यालाही हंडा, तशातली वाटणी. आणि पश्चिमेच्या बाकी मुलखासाठी नकाशावर साडेछत्तीस अंशांवर एक रेघ मारली. मिसूरी सोडलं तर रेघेच्या वर गुलामी नाही."

"मग टिकली का रेघ?"

"चौतीस वर्षं टिकली की. मग डग्लस नावाचे सिनेटर आले. त्यांना शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती, त्यासाठी मधला मुलूख रीतसर वसवायला हवा होता आणि दक्षिणेची मतंही हवी होती. म्हणून १८५४ मध्ये कायदा केला, रेघ पुसली. कॅन्ससमध्ये गुलामी असावी की नसावी, ते तिथे राहणारे ठरवतील."

"ऐकायला बरं वाटतंय."

"ऐकायलाच. 'राहणारे' म्हणजे कोण, ते कुणी नीट सांगितलंच नाही."

माईंचे हात मेथीवरून थांबले. पुढचं त्यांना आधीच कळलं असावं.

"१८५५ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. त्याआधी शिरगणती केली होती, मतदार निघाले २,९०५. मतं पडली ६,३०७."

"अगोबाई!"

"मिसूरीतून गाड्या भरभरून माणसं आली. बंदुका, दारू, सगळा सरंजाम. मिसूरीचे माजी सिनेटर ॲचिसन स्वतः पुढे. मत टाकलं आणि परतले आपापल्या घरी. मग जे विधिमंडळ बसलं, त्याला कॅन्ससचे लोक काय म्हणायचे सांगा? बोगस! आपलाच शब्द."

"आपला कसला, त्यांचाच. आपण उचललाय."

"उचलला, आणि वापरतोही किती! पुढचं ऐका. त्या मंडळाने मिसूरीचे कायदे जवळजवळ जसेच्या तसे उतरवून काढले. वर आणखी एक, कॅन्ससमध्ये गुलाम ठेवायचा कुणाला हक्क नाही असं बोलणाऱ्याला निदान दोन वर्षं सक्तमजुरी. आणि १८५७ च्या निवडणुकीत ऑक्सफर्ड म्हणून एक खेडं. घरं सहा. मतं १,६२८. यादीतली नावं सिनसिनाटी शहराच्या डिरेक्टरीतून ओळीने उतरवलेली. गव्हर्नरने ती सगळी मतं रद्द केली."

माई खो खो हसल्या. मीही हसले. पण खरं सांगते, यापुढचं जावई सांगत होता तेव्हा हसायला काही उरलं नव्हतं.

१८५६ चा मे महिना, एकच आठवडा. २१ तारखेला गुलामीच्या बाजूची फौज लॉरेन्स गावावर चालून आली. हॉटेलवर तोफा डागल्या, ते पडेना, मग पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिकडे लांब वॉशिंग्टनला, सिनेटच्या सभागृहात, समनर नावाचे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर आपल्या डेस्कशी बसले होते. दोनच दिवसांपूर्वी ते कॅन्ससवर भाषण करून दक्षिण कॅरोलिनाच्या एका सिनेटरला नाही नाही ते बोलले होते. त्या सिनेटरचा नातलग ब्रूक्स, तोही खासदारच, काठी घेऊन आला. सोन्याच्या मुठीची काठी. समनरांचे पाय डेस्कखाली अडकलेले, डेस्क जमिनीला पक्कं. उठता येईना. ते डेस्कच उपसून उभे राहिले, तरी हा काठी मोडेपर्यंत मारतच राहिला.

"शिक्षा?"

"तीनशे डॉलर दंड. आणि दक्षिणेतून लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. समनर धड बरे होऊन कामावर यायला तीन वर्षं गेली. तोवर त्यांच्या राज्याने जागा रिकामीच ठेवली."

"ही काठी जास्त वाईट की त्या भेटीच्या काठ्या, सांगता येत नाही," माई म्हणाल्या.

मग २४ तारखेची रात्र. जॉन ब्राउन, गुलामीचा कट्टर शत्रू, मुलांना घेऊन पॉटवॉटमी ओढ्याकाठी गेला आणि पाच जणांना घरातून ओढून तलवारींनी मारलं. डॉयल म्हणून एक कुटुंब होतं. बाप आणि दोन मुलगे नेले. आईने विनवण्या करून सोळा वर्षांच्या धाकट्याला वाचवलं. त्या पाचांपैकी एकाच्याही घरी गुलाम नव्हता. तिकडे ब्राउनचे पुतळे आहेत. मला त्याच्यापुढे हात जोडवत नाहीत, आणि त्याला सरळ खुनी म्हणून मोकळंही होता येत नाही.

"आणि जमीन मुळात कुणाची?" माईंचा बांध सुटत नव्हता.

"शॉनी, डेलावेअर, कॉ. पहिल्या दोघांना तर पूर्वेकडून उठवून, 'ही आता तुमची' म्हणून इथे आणून बसवलेलं. ते बोगस मंडळ बसायचं तेही शॉनींच्या मुलांसाठी काढलेल्या मिशनच्या शाळेत."

"अन् ज्यांच्यावरून एवढं, त्या गुलामांना कुणी विचारलं?"

"विचारलं नाहीच. मिसूरीतल्या एका नवराबायकोने स्वतःच कोर्टाला विचारलं. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट. मालकाबरोबर गुलामीबंदीच्या मुलखात राहून आलो, मग आम्ही स्वतंत्र की नाही? १८४६ मध्ये दावा लावला, सेंट लुईसला. निकाल १८५७ मध्ये, थेट सुप्रीम कोर्टाचा. सरन्यायाधीश टॉनी म्हणाले, काळ्या माणसाला या देशाचं नागरिकत्वच नाही, दावा कसला लावता? आणि ती साडेछत्तीसची रेघही घटनेत बसत नव्हती म्हणे."

"अकरा वर्षं," माई हळूच म्हणाल्या. माहेरच्या केसची वर्षं त्यांच्या ओठावर आली असणार, पण बोलल्या नाहीत.

"निकालानंतर अडीच-तीन महिन्यांत नव्या मालकाने सोडलं त्यांना. ड्रेड हॉटेलात हमाली करायचा. हॅरिएट लोकांचे कपडे धुवायची, तो ते घरोघर पोचवायचा. पुढच्याच वर्षी गेला."

"आणि ती?"

"ती १८७६ पर्यंत होती. १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली, ते बघितलं तिने. ती असतानाच इकडे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं."

"ते अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलंय ना? गुलाम सोडवले म्हणून?"

"हो, तेच."

माईंनी निवडलेली मेथी चाळणीत टाकली, देठं पदरात गोळा केली. "सेंट लुईस लेकीपासून किती लांब?"

"गाडीने चार तास. जुन्या कोर्टासमोर दोघांचा पुतळा आहे म्हणतात."

"म्हणतात? सहा महिने राहिलीस आणि चार तासांवर गेली नाहीस?" माई उठल्या. "जावई गाडी चालवतो ना? मग पुढच्या खेपेला आधी तिथे जा, आणि तिचा फोटो घेऊन ये. त्याचाच नको नुसता."

आत त्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली.