गवतमास्तर

गुंजी स्टेशनात लोंढ्याकडच्या गाडीची वाट बघत आम्ही चौघे पावसावर बोलत होतो. कुणीतरी सहज म्हणालं, "यंदा रुळाकडेला गवत लई माजलंय." झालं! मास्तर उठले, वाकले आणि दोन काड्या उपटून घेऊन आले. "कुठलं गवत?"

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वर्ग काही सुटलेला नाही.

"बोटांत फिरवून बघा." पहिली काडी फिरवली की तीन कडा लागतात, आत भरीव, पेर नाही. तो लव्हाळा. दुसरी गोल, पोकळ, पेरापेराची. ते खरं गवत. तिसरं कुळ जुंकसचं. काडी गोल, पण तिलाही पेर नाही. ते मास्तरांना गुंजीच्या शिवारात अजून भेटलेलं नाही. मुंबईत बंगला बांधलेल्या भावकीबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल बोलतात. या तिन्ही कुळांना मिळून एक शब्द आहे, ग्रॅमिनॉइड. तो उच्चारताना मास्तर चष्मा नीट करतात.

चतुर्थीला पोरं दूर्वा आणतात आणि मास्तर जुड्या सोडून एकेक काडी तपासतात. एकवीस जुड्यांत दोन लव्हाळे निघाले की आरती अर्धा तास पुढे. शिडीवर चढलेल्या माणसाला ते खालून ओरडून सांगतात की बांबूही गवतच. एकदा जेवताना म्हणाले, "भात गवत, नाचणी गवत, गूळ ज्याचा तो ऊसही गवत." काकू वाढता वाढता म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. उद्यापासून गोठ्यातच पान मांडते."

परवा रताळ्याच्या शेतात बायका भांगलत होत्या. आक्कांनी बांधावर उभ्या मास्तरांकडे मूठभर हिरवी पाती धरली. "हे काय वो मास्तर?"

मास्तरांनी पाती उलटली, पालटली. दांडाच आला नव्हता; फिरवणार काय? फुलोरा नाही, तुरा नाही. माळावर पाहणी करणाऱ्यांचीही अशीच पंचाईत होते, मग ते वहीत जे लिहितात तेच मास्तर म्हणाले, "ग्रॅमिनॉइड."

"म्हंजे?"

ग्रामेन हा लॅटिन शब्द, इथून मास्तरांनी सुरुवात केली. पण बायका थांबून ऐकत होत्या, आणि आडवळणाने का होईना, अर्थाशी यावंच लागलं. "म्हणजे... गवतासारखं."

गवत म्हणणाऱ्याला फलाटावर उभं करून ज्यांनी काड्या फिरवायला लावल्या, त्यांच्या तोंडून हे ऐकून मी चटकन माउलीच्या देवळाकडे तोंड फिरवलं.

आक्कांनी खुरपं घातलं, मुळाशी लोंबणारी काळी गाठ काढून मास्तरांच्या हातावर ठेवली. "मोथा हाय. गाठ ऱ्हायली की परत येतंय बगा."

मास्तरांनी गाठ नखाने खरवडली, नाकाशी नेली आणि शर्टाच्या खिशात टाकली.