भाऊंची हरित वाटचाल

आमच्या प्रभागाचे माननीय, म्हणजे भाऊ, पर्यावरणाच्या बाबतीत फार हळवे. ५ जूनला ते न चुकता झाड लावतात. गेली तीन वर्षं खड्डा तोच आहे. रोप तेवढं नवं असतं. शेजारचा फ्लेक्स मात्र सदाहरित.

कधीकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात २००६ साली बीआरटी आली. बससाठी वेगळी मार्गिका ही कल्पना भाऊंना इतकी पटली, की ते स्वतःची मोटार तिच्यातूनच नेऊ लागले. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. भाऊंनीही प्रभागातल्या सायकल मार्गाचं उद्घाटन केलं: फोटोपुरतं सायकलवर, पुढे मोटारीने. आता त्या मार्गावर वडापावची गाडी, विजेचा डीपी आणि भाऊंच्याच संपर्क कार्यालयाची पायरी गुण्यागोविंदाने नांदतात.

परवा विचारलं, "भाऊ, बस का वाढत नाहीत?"

"एवढ्या कोंडीत बस चालणार कुठून?"

"आणि कोंडी का होते?"

"बस नाहीत, म्हणून लोक गाड्या काढतात!"

एकाच सबबीचा इतका चोख पुनर्वापर कचरा प्रकल्पातही होत नसेल.

भाऊंची ताजी मागणी उड्डाणपुलाची. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला आणि तिथे पुन्हा पूलच बांधायला घेतला. शाश्वत विकास म्हणतात तो हाच असावा. काम कधी संपतच नाही.