आधी भिंत, मग बट्टी

खानदेशातलं स्वयंपाकघर स्वयंपाकघरात मावत नाही. बिबडे आणि कुरडया गच्चीवर, मांड्यांचं खापर अंगणात, भरताची वांगी शेताच्या बांधावर, ते भरीत ठेचायची लाकडी बडगी ज्याच्याकडे असेल त्याच्या ओसरीत आणि कळण्याचं दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत. घरातल्या ओट्याच्या वाट्याला उरतो तो चहा आणि शेवभाजीची फोडणी. एवढा पसरलेला कारभार दीड-दोन फुटांच्या एका पेटीत बसवून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी सावलीत बसवून पाणी द्यावं.

ती पेटी आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आली. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. आमच्या लग्नाने ते पुन्हा एका छपराखाली आले आणि सीमेवरच्या चकमकी अजून सुरू आहेत. बायको जळगावची, आम्ही धुळ्याचे. आखाजीला माहेरी गेलेली लेक झोका खेळते, आमरस-सांजोऱ्या खाते आणि परतताना पिशव्या भरून आणते. दरवर्षी पापड, लोणचं, केळीचे वेफर्स यायचे. यंदा मेहुण्याने खोकंच दिलं. खाली ओव्हन, त्यात ग्रिल आणि डोक्यावर विजेच्या दोन शेगड्या, म्हणजे हॉटप्लेट. पारोळामार्गे एसटीत ते खिडकीशेजारच्या सीटवर बसून आलं. कंडक्टरने त्याच्याकडे दोनदा रोखून पाहिलं, पण तिकीट मागितलं नाही.

महिना कोणता? मे. पारा चव्वेचाळीसच्या आगेमागे. दुपारी बारा ते चार आमचं अख्खं गाव आपोआप प्रीहीट झालेलं असतं. अशा गावात पैसे भरून वेगळी उष्णता तयार करणाऱ्या यंत्राचं स्वागत करायला शेजारचे जिभाऊ पहिले आले. गल्लीत आलेली कोणतीही वस्तू जिभाऊंनी पाहिल्याशिवाय वापरात येत नाही.

“हाई काय शे?”

“ओव्हन, जिभाऊ. वर दोन शेगड्या.”

“बठ्ठं एकमाच? मंग घरमा तुमनं काय काम शे?”

या प्रश्नावर बायको पदर तोंडाला लावून आत गेली. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. “दाजी, काही करायचं नाही. फक्त प्लग लावायचा.”

विजेच्या उपकरणांबद्दल यापेक्षा घातक वाक्य मी ऐकलेलं नाही. पेटीचा प्लग जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा. ओट्यावरचं सॉकेट बारीक भोकांचं, सहा अँपिअरचं. मिक्सरसाठी बसवलेलं आणि मिक्सरपुरतंच समाधानी. प्लग सॉकेटात जात नाही, हा निसर्गाने दिलेला पहिला इशारा असतो. पण आपल्याकडे न बसणारी गोष्ट बसवणं यालाच हुशारी म्हणतात. पाच मिनिटांत गल्लीतली सगळी हुशारी आमच्या ओट्याभोवती जमा झाली. एकाने मोठ्याचं छोटं करणारा कन्व्हर्टर सुचवला. दुसरा गणपती मंडळाचं एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आला. त्यावर मागच्या वर्षी आरास, लाउडस्पीकर आणि पंखा एकदम चालला होता, असं त्याचं चारित्र्य-प्रमाणपत्र होतं. तिसऱ्याचा तोडगा सर्वांत स्वस्त होता: प्लग कापायचा, तारा सोलायच्या, भोकात घालायच्या आणि काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायच्या. आग लावायच्या वस्तूने वीज घट्ट करण्याची ही पद्धत कोणाच्या डोक्यातून निघाली ते ठाऊक नाही, पण ती महाराष्ट्रभर पोहोचली आहे.

आईने सगळ्यांना मठ्ठा दिला आणि वायरमनला बोलावलं.

वायरमन भाऊंनी पेटी उघडलीच नाही. तिच्या पाठीवरची चकाकणारी पट्टी वाचली आणि मुलीच्या वह्यांतली एक मागून तिच्यावर गणित मांडलं. ओव्हन पंधराशे वॅट, मोठी शेगडी हजार, लहान सहाशे. एकूण ३,१००. घरातला दाब २३० व्होल्ट. भागाकार केला की साडेतेरा अँपिअर. “आणि हे तुमचं सॉकेट सहाचं. सहा गुणिले दोनशे तीस म्हणजे १,३८०. एकटा ओव्हनसुद्धा याला पेलत नाही.”

“पण तिन्ही एकदम कशाला लावू आपण?” बायकोने विचारलं.

“वहिनी, तीन बटणं असली की पाहुणे आल्यावर तिन्ही लागतात.”

मग ते भिंतीकडे वळले. आत दीड चौरस मिलिमीटरची बारीक तार होती, दिवे-पंख्यांना पुरेशी. पेटीला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र तार हवी, तांब्याची, अडीचच्या खाली नाही आणि अंतर जास्त असेल तर चारची. तिला स्वतःचा सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका. त्या सॉकेटावर दुसरं काही नाही, फ्रिजसुद्धा नाही. एक्स्टेंशन बोर्डाचा मालक नाराज झाला. भाऊ त्याला म्हणाले, “जास्त वीज ओढली की तार तापते. ती प्लास्टिकच्या आत तापते म्हणून दिसत नाही. दिसते तेव्हा भिंत काळी झालेली असते.” मंडळाचं बोर्ड गुंडाळून परत गेलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण भाऊंनी तिसऱ्या भोकाबद्दल विचारलं. “आर्थिंग कुठे आहे?”

घरात शांतता पसरली. आईने न्हाणीकडे बोट दाखवलं. हिरवी तार भिंतीतून उतरून नळाच्या पाइपाला व्यवस्थित वेटोळे घालून बांधली होती. जुन्या घरांत ही सोय अशीच असे. पाइप लोखंडी, जमिनीत खोलवर गेलेला, म्हणून काम भागायचं. पुढे कधीतरी नळदुरुस्तीत पाइप प्लास्टिकचा झाला. गवंडी पाइप बदलून गेला, प्लंबर पैसे घेऊन गेला आणि तार मात्र इमानाने प्लास्टिकला धरून राहिली. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही, हे त्या तारेला कोणी कळवलंच नव्हतं.

आता ही तिसरी पिन कशासाठी असते, यावर भाऊंनी जे सांगितलं ते कोणत्याही पाकपुस्तकात पहिल्या पानावर छापावं. पेटी धातूची. आतली एखादी तार सुटून धातूला टेकली तर अख्ख्या पेटीत वीज उतरते. आर्थिंग धड असेल तर ती त्या वाटेने जमिनीकडे धावते, एवढ्या जोरात की एमसीबी खाली पडतो आणि विषय संपतो. आर्थिंग नसेल तर ती वाट पाहत बसते. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी दाराला हात लावला की तिला जमिनीपर्यंत जायला माणूस मिळतो. म्हणून ती पिन इतर दोघींपेक्षा लांब असते: प्लग घालताना सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. आपल्याकडे मात्र प्लग बसत नाही म्हणून पहिल्यांदा मोडली जाते ती नेमकी हीच पिन.

परसात खड्डा खणला गेला. त्यात नळी उभी करून भोवती कोळसा आणि खडे मीठ यांचे थर. जिभाऊ कठड्यावरून पाहत होते. “लोनचं घाली ऱ्हायनात का?” मीठ-कोळशाने माती ओल धरते आणि ओल्या मातीत वीज सहज मुरते, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. पण भाऊ पुढे म्हणाले, “उन्हाळ्यात यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत चला,” तेव्हा आईचा चेहरा उतरला. आमच्याकडे नळ येण्याच्या दिवशी घरात सुतकापेक्षा जास्त नियम पाळले जातात. त्यातलं पाणी खड्ड्याला पाजायचं म्हणजे काय! शेवटी तडजोड निघाली: भाज्या धुतलेलं पाणी खड्ड्याला. खड्ड्याने तक्रार केलेली नाही.

बोर्डात भाऊंनी आरसीसीबीही बसवला. ३० मिलिअँपिअर इतकी वीज वाट सोडून पळाली की हा क्षणार्धात खटका पाडतो. घरासाठी पैसे खर्चून असा माणूस नेमला पाहिजे, असं मला फार दिवस वाटत होतं.

पेटी कुठे ठेवायची यावर दोन जिल्ह्यांची परिषद भरली. मागे आणि दोन्ही बाजूंना किमान चार बोटांची मोकळी जागा, वर काही नाही, शेजारी गॅसची नळी नाही, पडदा नाही, बेसिनचे शिंतोडे नाहीत, असं पुस्तिकेत होतं. आमच्या ओट्यावर या अटी पुऱ्या करणारी एकच जागा होती आणि तिथे जळगावच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. बरण्या हलल्या. मग आईने पेटीला हळद-कुंकू वाहिलं, काचेवर स्वस्तिक काढलं आणि टीव्हीवरून काढून ठेवलेला दोऱ्याचा रुमाल वर अंथरला. त्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. आपल्याकडे नव्या यंत्राला उघडं ठेवत नाहीत. ही माया हॉटप्लेटला सोसत नाही, हे समजावायला अख्खी दुपार गेली. रुमाल शेवटी फ्रिजवर गेला, कुंडी देव्हाऱ्याशेजारी.

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच तापवायचा असतो. आतल्या नळ्यांवर कारखान्यातलं तेलकट आवरण असतं, ते जळून जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात; थोडा धूर येतो, खिडक्या उघड्या ठेवायच्या. आम्ही उघडल्या. धूर खिडकीतून निघाला आणि गल्लीत शिरला. दोन मिनिटांत जिभाऊ वाळूची पाटी घेऊन दारात. आग विजेची असेल तर पाणी नाही, वाळू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या गणपती मंडळाने एवढं जरी शिकवलं असतं तरी वर्गणी वसूल होती. पाटी त्यांनी परत नेली नाही. अजून ती दाराशीच असते आणि असावी.

खरा धोका धूर नसताना आहे. गॅस बंद केला की ज्योत जाते आणि माणसाला कळतं. हॉटप्लेटची लोखंडी तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि दिसायला आधी होती तशीच काळी, गरीब दिसते. बायकोच्या मावशींनी तिच्यावर पाव किलो तिखट शेवेची पिशवी विसाव्याला ठेवली. पिशवी तबकडीची झाली. शेव वाचली, कारण खानदेशी माणूस कोणत्याही आपत्तीत आधी शेव उचलतो. त्या दिवसापासून नियम असा: वापरून झाल्यावर बटण शून्यावर, मग भिंतीचा खटका बंद, मग तबकडीवर पाण्याचं पातेलं. पातेलं दिसलं की हात लावायचा नाही. आणि गरम भांडं धरायला कोरडं फडकं. ओल्यातून वाफ थेट बोटांना भेटते.

आता स्वयंपाकाचा निकाल. बट्टी पहिल्या वर्गात उत्तीर्ण. चारी बाजूंनी खरपूस आणि तळणीचं तेल वाचलं. ते डाळीवर तूप म्हणून खर्च झालं. भाकरी सपाट तव्यावर होते, पण तिला फुगायला जाळ लागतो, म्हणून शेवटचा फुगा गॅसवर. मांडे परीक्षेला बसलेच नाहीत. कोपरापर्यंत हातावर खेळवलेला मांडा उपड्या खापरावर पडतो, त्याला या पेटीचं दारसुद्धा पुरत नाही.

भरताचा प्रश्न नाजूक. चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात बंद असलेली वांगी घरात पुन्हा सुरू झाली आणि माहेरहून ती हिरवी, जाडजूड वांगी आली. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे वाक्य बायको दर वांग्यामागे म्हणते. त्यांना आधी टोचे मारले. नाहीतर आत वाफ कोंडून वांगं फुटतं आणि ग्रिलच्या नळ्यांना भरीत मिळतं. पाऊण तासात साल सुटली. खर्च फार तर एक-सव्वा युनिट. बडगीत ठेचलं, मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. डबा जळगावला पाठवला. सासऱ्यांचा फोन आला: “जावईबापू, वांगं शिजलंय. भाजलेलं नाही.”

काड्यांच्या जाळाचा वास नव्हता, हे खरंच. वास्तविक जाळ होता. फक्त लांब होता. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, त्यावर आमचं वांगं भाजतं आणि धुराचा वास तिकडच्या तिकडे राहतो. मी बायकोला म्हटलं, दुपारी भाजलं तर साक्रीच्या शिवाजीनगरच्या १२५ मेगावॅट सौर प्रकल्पातलं आमच्या जिल्ह्याचं ऊन वापरता येईल. ती म्हणाली, तारेत शिरलेली वीज जिल्हा सांगत नाही. खानदेशाच्या एकीकरणावर इतकं नेमकं विधान मी आधी ऐकलं नव्हतं.

तर पेटीबद्दल माझं मत वाईट नाही. दोघा-तिघांच्या घरात, भाड्याच्या खोलीत, पुण्यात शिकायला गेलेल्या पोराच्या ओट्यावर ती उपयोगाची आहे. तक्रार आपल्या खरेदीच्या क्रमाबद्दल आहे. आपण खोकं आणतो, फोटो काढतो, पेढे वाटतो आणि प्लग बसला नाही की मग भिंतीकडे बघतो. क्रम उलटा करा. घरातल्या कोणत्याही मोठ्या उपकरणाचा प्लग दहा मिनिटं चालल्यावर खटका बंद करून हाताने पाहा. चटका बसत असेल तर सॉकेट बदला. हिरवी तार जिथे जाते तिथपर्यंत तिच्या मागे जा आणि ती जमिनीलाच पोहोचते ना, याची खात्री करा. मोडलेल्या पिनेचा प्लग आजच फेकून द्या. वायरमनला आधी बोलवा, दुकानात नंतर जा. बट्टीला दोन दिवस उशीर झाला तरी चालतो.