दाखल्यावरचा जन्मदिवस

माझा जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे माझी आई, आणि तिची साक्ष ‘अवस होऊन गेली होती आणि तांबडी गाय अजून व्याली नव्हती’ यापलीकडे कधी गेली नाही; त्यामुळे शाळेत नाव घालतेवेळी, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो की नाही या एकाच शास्त्रीय कसोटीवर माझे वय मुक्रर करून गुरुजींनी 1 जून ही तारीख नोंदवली आणि महाराष्ट्रातल्या असंख्य समानजन्मा बांधवांच्या पंक्तीत मला बसवले. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो तोही त्याच नोंदीच्या आधारे. एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, या नियमाने त्या 31 मे रोजी इतके निरोपसमारंभ एकदम उरकावे लागले की माझ्या गळ्यातला हार माझ्यापूर्वी दोघांचा सत्कार करून आलेला होता.

यंदा 1 जूनला सरकारदरबारी मला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली आणि एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. सौ.ला 2023 पासून अर्धे तिकीट आहेच. ‘वाढदिवसानिमित्त आपण दोन दिवस कुठेतरी जाऊ’ या माझ्या उद्गारांनी तिच्या मुद्रेवर उमटलेला हर्ष, दोघांचा मिळून खर्च अर्ध्या तिकिटाचा हा हिशेब मी पुढे मांडताच, बराचसा मावळला. त्यात एसटीचाही जन्मदिवस हाच. तिची पहिली गाडी 1948 साली 1 जूनला पुण्याहून अहमदनगरला गेली. फरक इतकाच की तिच्या तारखेला पुरावा आहे.

बेत वाई, मेणवली आणि भोर असा होता. (भोरचा पंतसचिवांचा राजवाडा दुसऱ्या दिवशी पाहिला. तो पाहण्यासारखा आहे, एवढे सांगून मी त्याची रजा घेतो.) स्वारगेटला गाडीत बसलो. शेजारच्या बाकावर धोतर, पटका आणि कपाळी बुक्का अशा वेशातले एक वृद्ध गृहस्थ होते. वाहकाने आधी त्यांचे, मग माझे आधार कार्ड पाहिले आणि म्हणाला, “आज सगळ्या गाडीचाच वाढदिवस दिसतोय!” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून ओशाळलो.

वाईला उतरताना फळीवरची पिशवी मी घाईने काढली, कारण सामानाच्या बाबतीत बायकांवर विसंबू नये असे माझे मत आहे. कृष्णेच्या घाटावर 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेल्या मंदिरात ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून या देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची केली आहे, ही गोष्ट मला देवापेक्षाही अधिक आवडली. पण नदीने त्या दिवशी पोटरीभर पाण्यावर समाधान मानले होते. विश्वकोश जिथे सिद्ध झाला त्या गावात आपण अधिक वेळ बोलू नये, असा विचार करून आम्ही मेणवली गाठली.

नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाट आहे, आणि घाटावरच्या देवळात वसईच्या 1739 सालच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीजांची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. त्या माउलीच्या साक्षीने सौ.ने पुरणपोळीचा डबा काढण्यासाठी पिशवीत हात घातला, आणि डब्याऐवजी सातबाराचे उतारे बाहेर काढले.

पिशवी आमच्यासारखीच, त्याच कापडदुकानाने फुकट दिलेली, पिवळी होती. आत फेरफाराच्या नकला, एक तक्रारअर्ज, शाळेचा दाखला आणि त्याच दिवसाची, वाईच्या कचेरीतील सुनावणीची नोटीस. वास्तविक मी तत्क्षणी धावायला हवे होते. परंतु बांधाच्या तंट्याचे इतके नेटके कागद पुष्कळ वर्षांत हाती आले नव्हते, म्हणून मी चष्मा लावला. दुसऱ्या पानावर मी ‘अरेरे!’ म्हणालो, चौथ्यावर ‘शाबास!’ म्हणालो, आणि सहाव्या पानाशी सौ. उभी राहून म्हणाली, “अहो, तो म्हातारा तिथे पुरणपोळ्या घेऊन हाकिमासमोर उभा असेल!”

वडापच्या जीपमध्ये, चौघांच्या जागेत सातवा बसून, मी पिशवी उराशी धरली होती. नोटिसांवर ‘पुढील तारीख’ असे शेरे मी तीस वर्षे लिहिले. आदल्या तारखेला तो माणूस कुठून, किती पायपीट करून आला होता, त्याने येताना काय खाल्ले होते, हे मला एकदाही विचारावेसे वाटले नव्हते. घामाघूम झालो होतो, सौ.ला वाटले, उन्हाने.

कचेरीच्या व्हरांड्यात ते बाकाच्या कडेला बसले होते. मांडीवर आमची पिशवी, तोंड सुतळीने बांधलेले. मी क्षमेचे एक लांबलचक वाक्य जुळवून आणले होते; ते त्यांनी कर्मापाशीच तोडले.

“पुकारा अजून व्हायचाय, सायेब. एकदा उघडली, लुगडं दिसलं, म्हनलं बाईमानसाचं हाय, अन् बांधून ठिवली. डबा न्हाई उघडला. वास लई येत हुता.”

“सकाळपासून काही खाल्लं का, बाबा?” सौ.ने विचारले.

“कागुद सापडत न्हाईत तर घास कसा जाईल, आक्का?”

तिने तिथेच डबा उघडला. मी मात्र कागद लावायला बसलो. नकला तारखेनुसार, अर्ज वर, दाखला शेवटी. कोपऱ्यात भोक पाडून त्यातून पिशवीचीच सुतळी ओवली. दाखल्यावर जन्मतारीख होती, अर्थातच. ती मी त्यांना बोटाने दाखवली. ते हसले आणि म्हणाले, “आमचं मास्तरबी आळशीच हुतं.”

तुपाची धार सौ.ने जरा सढळ सोडली होती. दुसऱ्या पोळीचा मोठा घास त्यांनी तोंडात घातला, आणि नेमक्या त्या क्षणी दारात शिपायाने त्यांच्या नावाचा पुकारा केला. त्यांचे डोळे विस्फारले, हात वर गेला, पण पुरणाने भरलेल्या तोंडातून आवाज काही निघेना. शिपायाने दुसऱ्यांदा नाव घेतले. तिसऱ्यांदा काय होते हे मला पक्के ठाऊक होते; मी ताडकन उभा राहिलो आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “हाजर!”