अंदमान सहलीच्या तक्त्यात आरामाला जागा मिळण्याबाबत

प्रति,
माननीय दाजी,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व एकमेव सदस्य,
कौटुंबिक अंदमान सहल नियोजन समिती.

विषय: दिवाळीच्या सुटीतील 'निवांत अंदमान' सहलीचा कार्यक्रम पाठवल्याबद्दल अभिनंदन, आणि त्यातून धडधाकट परत कसे यावे याबाबत मार्गदर्शन मिळण्याविषयी.

संदर्भ: कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले आपले तक्ते: 'फायनल', 'फायनल नवा' आणि काल मध्यरात्रीनंतर आलेला 'आता हाच धरा'.

सा. न. वि. वि.

दाजी, तक्ता मिळाला. वाचून घरातल्या सगळ्यांचे डोळे पाणावले. काहींचे अक्षर बारीक असल्यामुळे, काहींचे पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळल्यामुळे. वर 'समुद्र, हिरवाई आणि निव्वळ निवांतपणा' असे शीर्षक द्यायचे आणि खाली पहाटेपासून रात्री साडेदहापर्यंत एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. 'आराम' हा शब्द मी मुद्दाम शोधला. एकदाच सापडला. बाराटांग बेटावर जाण्याच्या आदल्या रात्री, ११ ते २.३०. पुढे तुमचीच टीप आहे: 'शक्य झाल्यास'.

हे पत्र खुले ठेवले, कारण घरोघरी एक दाजी असतात. कुणाकडे ते थोरले काका असतात, कुणाकडे भिशीतल्या वहिनी, कुणाकडे नुकतीच नोकरी लागलेला भाचा. विमानाचे तिकीट स्वस्तात मिळाले की त्यांच्या अंगात येते आणि 'एवढे लांब चाललोच आहोत तर' असे म्हणत ते अख्ख्या कुटुंबाला कामाला लावतात. तेव्हा पत्र तुम्हाला असले तरी बोल सगळ्यांनाच लागू आहेत.

आता तक्त्यातल्या काही रत्नांविषयी.

पहिले रत्न राधानगर किनाऱ्याचे. 'सायं. ६.१५, सूर्यास्तदर्शन व समूहफोटो.' या किनाऱ्याला 'टाइम' मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले, २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. पण तुमच्यासाठी सूर्याला तासभर धरून ठेवण्याचा अधिकार त्याला अजून कुणी दिलेला नाही. अंदमान मुंबईच्या सुमारे २० रेखांश पूर्वेला आहे. रेखांशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य आपल्या साधारण ८० मिनिटे पुढे चालतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. दिवाळीच्या सुमारास तिथे पाचच्या आसपासच सूर्य मावळतो. तुम्ही सव्वासहाला आम्हाला किनाऱ्यावर रांगेत उभे कराल तेव्हा फोटोत कुणाचाच चेहरा दिसणार नाही. तोवर आमच्या चेहऱ्यांची जी अवस्था झालेली असेल ती पाहता, ही दूरदृष्टीच म्हणायची.

दुसरे रत्न नावांचे. हा तक्ता निरनिराळे फॉरवर्ड जोडून शिवला असावा, असा आमचा नम्र तर्क आहे. कारण मंगळवारी आपण हॅवलॉकला जाणार आहोत आणि गुरुवारी स्वराज द्वीपला. दाजी, २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचेच नाव स्वराज द्वीप झाले. त्याच वेळी नीलचे शहीद द्वीप झाले आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. म्हणजे मंगळवारी ज्या धक्क्यावर उतरायचे त्याच धक्क्यावर गुरुवारी पुन्हा उतरून 'इथे आधी कधीतरी आलोय असे वाटते' असा पूर्वजन्मीचा साक्षात्कार सर्वांना माफक दरात होणार. शेवटचा मुक्काम 'श्री विजय पुरम'ला आणि विमान 'पोर्ट ब्लेअर'हून, म्हणून मधल्या प्रवासासाठी तुम्ही चार तास राखले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचेच नाव श्री विजय पुरम झाले. ते चार तास आम्हाला झोपायला द्यावेत, ही विनंती.

तिसरे रत्न चंद्राचे. शहीद द्वीपवरच्या नैसर्गिक पुलाला तुम्ही दुपारी १२.४० ते १.०० ही वेळ नेमून दिली आहे. लाटांनी कोरलेल्या त्या खडकाच्या कमानीपर्यंत ओहोटीलाच जाता येते. भरतीला वाटेवरचे खडक पाण्याखाली असतात. आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तुम्ही कोकणातले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुम्हीच आम्हाला दर गणपतीत ऐकवता. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात तो जसाच्या तसा चालणार नाही. पण समुद्रावरचा कार्यक्रम चंद्राला विचारून ठरवायचा असतो, ही गोष्ट तिथेही बदलत नाही. चंद्र आपल्या ग्रुपवर नसल्यामुळे त्याची संमती घ्यायची राहून गेली असावी.

चौथे रत्न बोटींचे. '९.१० बोट लागेल, ९.१५ स्नॉर्केलिंग.' दाजी, ताईला बोट लागते ती वेगळ्या अर्थाने आणि ती धक्का सुटल्यावर पाचव्या मिनिटाला लागते. श्री विजय पुरम ते स्वराज द्वीप हा बोटीबोटीप्रमाणे दीड ते अडीच तासांचा प्रवास आहे. त्यानंतर तिला कुणी पाण्यात उतरवले तर पुढच्या प्रसंगाला समिती जबाबदार राहील. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. समुद्र खवळला की बोटी बंद. २०१६ च्या डिसेंबरात स्वराज आणि शहीद या दोन द्वीपांवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे गेली. तुमच्या तक्त्यात एकही मोकळा दिवस नाही. त्यामुळे तसे काही झालेच तर तक्ता ठरल्या वेळी मुंबईला पोहोचेल, आपण मागाहून येऊ.

पाचवे रत्न बाराटांग. इथे माझा सूर जरा बदलेल, राग मानू नका. पहाटे तीनला प्रस्थान, सहाला जिरकाटांगचा नाका, मग चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, आणि मध्ये एका ओळीत 'आदिवासी पाहणे, दिसल्यास बिस्किटे वाटणे'. बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. म्हणून नाक्यावर गाड्या अडवून ठरलेल्या वेळी पहाऱ्यात, ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायला, फोटो काढायला, काही खायला द्यायला बंदी आहे. तुमची बिस्किटे हा शिष्टाचार नाही, गुन्हा आहे. राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला होता, गाड्या मात्र अजून चालू आहेत. जारवा उरले आहेत काही शे. बाहेरच्यांशी संबंध आल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. उद्या आपल्या सोसायटीच्या आवारातून रोज सकाळी गाड्यांचा ताफा जाऊ लागला आणि गॅलरीत दात घासणारे तुम्ही दिसावेत म्हणून काचा खाली होऊ लागल्या, तर पहिल्याच दिवशी तक्रार अर्ज तुम्हीच टाईप कराल. गुहा सुंदर आहेत, खारफुटीतून बोटीने जाणेही सुंदर आहे. पण अडीचला उठून दुसऱ्याच्या घरातून वाट काढायची आणि त्याला सुटी म्हणायचे, हे आमच्याने होणार नाही.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यावर मी विनोद करणार नाही. 'सेल्युलर जेल ४५ मिनिटे, शंख-मोती खरेदी ९० मिनिटे.' मराठी माणूस अंदमानचे नाव काढतो ते मुळात या इमारतीमुळे. १८९६ ते १९०६ या काळात ती बांधली गेली. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती पसरलेल्या, आणि प्रत्येकीचे तोंड पुढचीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. त्या सातांपैकी आज तीनच उभ्या आहेत. बारींद्र घोष, उल्लासकर दत्त यांच्यासारख्या बंगाली क्रांतिकारकांना इथे कोलूला जुंपले होते. सावरकर १९११ च्या जुलैत इथे आले तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. आईला सावरकरांच्या कोठडीच्या दाराशी जरा वेळ उभे राहायचे आहे, असे ती अनेक वर्षे म्हणते आहे. तेव्हा तुमची शिट्टी वाजू नये. खरेदीच्या दीड तासातला तासभर तिच्या नावावर करावा. मुलांसाठी ठेवलेली 'प्रवाळ गोळा करा' स्पर्धाही रद्द करावी. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि विजेत्याचे बक्षीस विमानतळावर सामानतपासणीत वाटले जाईल. त्या चौकशीसाठी तक्त्यात वेळ धरलेली दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, चुका काढणे सोपे, तुम्ही काय करणार ते सांगा. सांगतो. काहीच करणार नाही, आणि ते शहीद द्वीपवर करणार.

बेट लहान आहे. भाड्याच्या सायकलवर या टोकाहून त्या टोकाला जाता येते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवले. त्यांनी जंगलाला लागून भाताची खाचरे आणि भाजीचे मळे केले, आणि आज आसपासच्या बेटांना भाजी पुरवणारे म्हणून हे बेट ओळखले जाते. वस्त्यांची नावे भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर. म्हणजे आईला रस्ता विचारतानाही नामस्मरण घडेल. सीतापूरला सूर्य उगवतो, लक्ष्मणपूरला मावळतो. भरतपूरच्या किनाऱ्याला पाणी उथळ आहे, ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात मासे पायाशी येतात. तिथला दिवस पहाटे पाचलाच उजाडतो, त्यामुळे अकरा वाजेपर्यंत माणसाचे अर्धे आयुष्य जगून झालेले असते. मग मासळीचा रस्सा आणि भात. मग माडाखाली झोप. तीन वाजता उठून 'आता काय?' असे कुणी विचारले तर 'चहा' असे उत्तर द्यायचे. पाचला अंधार, आठला गाढ झोप. या दिनक्रमाला तक्ता लागत नाही. तो सूर्य आणि चंद्र यांनी मिळून आधीच करून ठेवलेला आहे. बेटावर गेल्यावर आराम मिळतो तो त्यांच्या वेळापत्रकात स्वतःला बसवल्यामुळे. आपले वेळापत्रक त्यांच्यावर लादायला गेलो की जे होते त्याला कार्यालयीन काम म्हणतात, आणि त्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागत नाही.

सबब, समितीने पुढील दुरुस्त्या मंजूर कराव्यात:

१. बाराटांग रद्द करावे. वाचलेली रात्र झोपेच्या खात्यात जमा करावी.

२. स्वराज द्वीप व हॅवलॉक यांपैकी कोणत्याही एकाच ठिकाणी जावे. राधानगरला दुपारी चारच्या आत पोहोचावे.

३. शहीद द्वीपवर सलग तीन रात्री राहावे. पुलाची वेळ ओहोटी बघून तिथेच ठरवावी.

४. सेल्युलर जेलला पूर्ण सकाळ द्यावी. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आईने ठरवल्यास बघावा.

५. परतीच्या विमानाआधी एक संपूर्ण दिवस श्री विजय पुरममध्ये कोरा ठेवावा. तो वादळासाठी राखीव. वादळ न आल्यास तो आरामासाठी वापरावा. त्यात 'एवढे लांब आलोच आहोत तर' असे म्हणणाऱ्याने सर्वांच्या बॅगा भराव्यात.

दाजी, तिकिटे तुम्ही स्वस्तात काढलीत, खोल्या समुद्राकडच्या मिळवल्यात, सगळ्यांची आधारकार्डे तुमच्या पिशवीत आहेत. हे सगळे मान्य आहे आणि दुसऱ्या कुणाला जमले नसते. आता एवढेच करा. तक्ता उघडा, निम्मे रकाने निवडा आणि पुसून टाका. आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर घरांतल्या मंडळींनो, तुमच्याकडचा तक्ता आला असेल तर पैसे भरण्याआधी त्यातली सूर्यास्ताची आणि ओहोटीची वेळ तेवढी तपासा. एक मोकळा दिवस मागून घ्या. न मिळाल्यास सहल पुढे ढकला. बेटे कुठे जात नाहीत.

आपला नम्र,
धाकटा मेहुणा

प्रत: ताई यांना, अंतिम मंजुरीसाठी.