तपासणीचा जाच

संशोधन छापण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, ही विद्वानांची जुनी खोड. 1975 साली डेव्हिड हॉरोबिन यांनी ‘मेडिकल हायपॉथिसीज’ हे नियतकालिक काढून ती मोडीत काढली. कल्पना पाठवावी, संपादकांना रोचक वाटली की छापून यावी. 2004 मध्ये येथेच टाचेच्या पादत्राणांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध जोडला गेला. पुढे एका रसायनशास्त्रज्ञाने बेंबीत साठणाऱ्या तंतूंवर निबंध लिहिला. त्याने स्वतःच्या बेंबीतले नमुने जमवून तपासले, हा तेवढा अतिरेक झाला.

हेच औदार्य पुलांनाही लाभावे. ‘भार पेलेल असे वाटते’ अशी पाटी लावून वाहतूक सुरू करावी. जबाबदारी म्हणून पाटी सुवाच्य असावी.

पण जगाला हे सोसवत नाही. 2009 मध्ये पीटर ड्यूसबर्ग व सहकाऱ्यांचा, एचआयव्हीने एड्स होतो हेच नाकारणारा निबंध येथे आला. ओरड झाली, प्रकाशकांनी तो मागे घेतला. पुढच्या वर्षी संपादक गेले, तज्ज्ञ-तपासणी आली.

केवढा अन्याय! वास्तविक हे गृहीतक न तपासलेले नव्हतेच. थाबो म्बेकी यांच्या सरकारने अशाच शंकांपायी दक्षिण आफ्रिकेत एड्सवरील औषधे रोखून धरली होती. चाचणी देशव्यापी होती. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजानुसार 2000 ते 2005 या काळात तिच्यात 3,30,000 हून अधिक माणसे दगावली.